पुजलेलं बी

अकोला, २७ जून १९६५

ती. मामा,

नमस्कार. सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं असेलच. खोली चांगली आहे. बेबीताई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली आहे आणि जेवणही त्यांच्याकडेच. मामीला सांगा, इथल्या भाजीत तिखट आपल्यापेक्षाही सढळ हातानं घालतात.

आता धक्क्याची बातमी. मी निघताना तुम्ही मला कवितांची पुस्तकं बांधून दिलीत ना, ती ट्रंकेतून बाहेर काढायची वेळच येणार नाही. शेतकी कॉलेजात इंग्रजी शिकवायचं म्हणजे काय, ते प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. खताच्या पोत्यावरचा मजकूर, फवारणीच्या पंपाची माहिती, औषधाच्या डब्यावरच्या सूचना आणि प्रयोगाचा अहवाल. मी विचारलं, आणि कविता? ते म्हणाले, बाई, या पोरांना उद्या पंप चालवायचा आहे. मी स्टाफरूममध्ये येऊन नुसती बसून राहिले. तुमच्या हाताखाली शिकले, एम.ए. झाले, ते डबे वाचायला?

दुसरा धक्का वर्गात. मी समजत होते सगळी आपल्यासारखी वऱ्हाडी पोरं असतील. तशी आहेतच, निम्मी तरी काळ्या मातीतून थेट बाकावर येऊन बसलेली. पण करीमुद्दीन बार्शीटाकळीचा, तो मनातल्या मनात आधी उर्दू करतो आणि मग इंग्रजी. श्रावण मेळघाटातला कोरकू, त्याला मराठीसुद्धा शाळेत जाऊन शिकावी लागली. तो मान वर करून बघतच नाही. आणि सगळ्यांत पुढे किमानी, पार आफ्रिकेतून केनियाहून शिष्यवृत्तीवर आलेला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा अस्खलित आहे, पण त्याचा उच्चार यांना कळत नाही आणि यांचा त्याला.

पुस्तकातला पहिला धडा होता, एखादी गोष्ट कशी करतात ते क्रमानं सांगा. उदाहरण कॉफीचं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. शेवटी एक जण म्हणाला, मॅडम, कॉफी पाहिली नाही आणि चहा आई करते. हसावं की रडावं कळेना. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, तुमच्या घरी शेतात जे करता तेच सांगा. तर मोडकं का होईना, पण पोरं इंग्रजी बोलायला लागली.

तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. अशा वर्गाला काय करावं, ते लिहा.

तुमची
सिंधू

---

अमरावती, १२ जुलै १९६५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं. तुला आता प्राध्यापिका म्हणावं की खतवाली? पेन्शनीत निघालो तेव्हा वाटलं होतं, आपली भाची आपली गादी चालवील. गादी राहिली बाजूला, पोरगी पोत्यावर जाऊन बसली. गाढवापुढे वाचली गीता असं लोक म्हणतात, पण तुझ्या प्राचार्यांनी तर गीताच काढून घेतली.

उपदेश विचारतेस, तर एकच. आठवड्यातून एक तास चोरून कविता वाच. भाषा म्हणजे माणसाचं मन, तिला डबे पुसायला लावू नये. बाकी तुझं ते इंग्रजी कसं असतं याचा नमुना मला परवाच घरबसल्या मिळाला. ऐक.

नांदगाव पेठेच्या वावरात यंदा मी संकरित ज्वारी पेरली. हो, मीच. सगळे पेरतात म्हटल्यावर आपणच का मागे? दुकानातून बी आणलं आणि पोतं उघडलं तर बी लालभडक, कुंकवात घोळवल्यासारखं. तुझी मामी पेरणीच्या पूजेला ताट घेऊन आली होती, ती जागीच थांबली. म्हणाली, हे तर आधीच पुजून आलंय, मी आता काय लावू? वावरातली सगळी माणसं हात जोडून उभी. म्हटलं, चला, कारखानेसुद्धा देवभोळे झाले. हसून पुरेवाट झाली.

त्या पोत्यात एक इंग्रजी कागद निघाला. तुझ्या जातीचा. आपल्या पेरणारणीनं, पार्बताबाईनं, तो उचलून माझ्या हातात दिला आणि विचारलं, काय लिवलं जी यात? मी चार ओळी वाचल्या. इतक्या रुक्ष, की पुढे जाववेना. म्हटलं, काही नाही, दुकानदारी आहे. मामीनं तो लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरला. कागद मात्र छान जाड आहे.

पेरणी झकास झाली. चाड्यावर बी सोडणारी मूठ पार्बताबाईचीच. इतकं वय झालं, पण तिफणीमागे चालते तर ओळ अशी सरळ, की जशी सुतारानं सूत धरून मारलेली. बी मी जुन्या मापानं आणलं होतं आणि हे नवं लागतं कमी, त्यामुळे यंदा ओटीत भरपूर उरलं. पेरायला काढलेलं बी घरी परत नेत नाहीत, ते पेरणारणीचं, हा आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊकच आहे. पदर भरून घेऊन गेली बिचारी, डोळ्यांना लावून. म्हणाली, पुजलेलं हाय, पावसाळाभर पुरवून खाईन, अन् अर्धं मूर्तिजापूरले सुभद्रेले धाडीन. लेक पोटुशी आहे तिची. लहानपणी तुला कडेवर घेऊन वावरभर फिरवायची पार्बताबाई, आठवतं का? तुझी आठवण काढत होती. म्हणे, आपली सिंधू साहेबीण झाली.

तिखट कमी खा.

तुझा
वामनमामा

---

तार
अकोला, ३ ऑगस्ट १९६५

लाल बियाणे विषारी. उरलेले खाऊ नका. पत्र मागाहून. सिंधू

---

अमरावती, ४ ऑगस्ट १९६५

चि. सिंधूस आशीर्वाद.

अगं, तार अशी करतात का? दारात तारवाला बघून मामीनं आधीच गळा काढला. शेजारच्या लीलाबाई धावत आल्या, अर्धी गल्ली अंगणात जमली आणि माझ्या हातून लिफाफा फुटेना. मला वाटलं तुझंच काही बरंवाईट झालं. आत बघतो तर हे! सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवावं लागलं.

वेडे, पेरणीचं बी आपल्या घरात कोण खातं? मुळात घरात ते राहिलंच नाही. पेरणीच्याच दिवशी सगळं बाहेर गेलं, मी तुला लिहिलं होतं. तेव्हा निश्चिंत राहा. तुझ्या त्या डबे-वाचनानं तुला सगळीकडे विषच दिसायला लागलंय. म्हणून म्हणतो, अधूनमधून कविता वाच.

इकडे सगळं ठीक. ज्वारी गुडघ्याला लागली. निंदणीला माणसं मिळत नाहीत, आणि त्यात पार्बताबाई आठवडाभर आलेली नाही. मागच्या वेळी आली तर चालताना झोके जात होते. मी चेष्टेनं म्हटलं, काय गं, मोहाची चढवून आलीस का? तर ओशाळली. म्हणाली, तोंडाले अन् बोटांले मुंग्या येऊन राहिल्या, मास्तर, अन् बाजूचं काही दिसत नाही. बांधावर ठेचकाळून पडली. मामीनं तिला सुंठेचा काढा करून दिला. वय झालं आता, दुसरं काय.

तुझा
मामा

---

अकोला, १६ ऑगस्ट १९६५

मामा,

तुमच्या घरी येऊन मी राहिले तेवढे दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी दवाखान्यातून आले की तुम्ही देवळात, मी जेवायला बसले की तुम्ही वर. म्हणून हे लिहून पाठवते. निदान पत्र तरी तुम्ही पुरतं वाचाल अशी आशा आहे.

तुमचं पत्र मला कॉलेजच्या पायरीवर मिळालं. शेवटच्या चार ओळी मी तिथेच पुन्हा वाचल्या. तुम्ही त्या हसत लिहिल्या होत्या, मामा. तारेत मी लिहिलं, खाऊ नका. तुम्ही स्वतःच्या ताटात पाहिलंत, ताटात ज्वारीचं बी नव्हतं, विषय संपला. ज्या बाईला पदरभर दिलं ती त्याच पत्रात झोके खात होती आणि तरीही तुम्हाला दोन गोष्टी जोडून बघाव्याशा वाटल्या नाहीत. माझीही चूक आहेच. तारेत पार्बताबाईचं नाव घालायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळेल.

पहिली गाडी मिळाली तिनं निघाले आणि वाटेत मूर्तिजापूरला उतरले. टांगा करून थेट सुभद्रेकडे गेले. तिला सातवा लागायचा होता. विचारलं, आईनं बी धाडलं होतं ते कुठे आहे? तर तिनं देवाच्या कोनाड्यातून गाठोडं काढून पुढे ठेवलं, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. पुजलेलं बी म्हणून ओटीभरणासाठी राखून ठेवलं होतं तिनं. मी ते हातात घेऊन तिच्या ओसरीवर रडले. तिला वाटलं, साहेबीण झाल्यावर माणूस असंच होतं.

पार्बताबाईनं मात्र काही राखलं नव्हतं. धुऊन, वाळवून, दळून रोज भाकरी. मी पोचले तेव्हा टोपलीत त्याच पिठाची अर्धी भाकर होती. ती तिनं मलाच वाढायला घेतली.

मामी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते मामीनं तुम्हाला सांगितलंच असेल, पण मीही लिहिते. बियाला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचं औषध लावतात. ते धुऊन जात नाही. पोटात गेलं की शिरांत भिनतं. जीव वाचेल, पण पायांचा तोल, बोटांचं कळणं आणि बाजूचं दिसणं यातलं गेलेलं बहुधा परत येणार नाही. पुढचं तेवढं दिसतं तिला, बांबूच्या नळीतून बघावं तसं. जिच्या ओळींचं तुम्ही कौतुक लिहिलंत, ती आता भिंत धरून चालते.

आता तार मी का केली ते. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

त्या दिवशी धडा होता औषधाच्या सूचना वाचण्याचा. मी कॉलेजच्या शेतावरून मूठभर लाल बी मागून आणलं आणि टेबलावर ठेवलं. सूचना इंग्रजीत वाचून झाल्या. पोरं आता बरं वाचतात. मग मी सहज विचारलं, याला लाल रंग का दिला असेल? किमानी म्हणाला, थांबा म्हणून. त्याचे वडील तिकडे रेल्वेत आहेत, लाल म्हटलं की त्याला सिग्नल दिसतो. करीमुद्दीन म्हणाला, लाल म्हणजे मास्तरांची शाई, नापास. सगळे हसले. श्रावण उभा राहिला. सबंध महिनाभरात तो आपणहून कधी उठला नव्हता. इंग्रजी जुळेना, तेव्हा मराठीत बोलला.

"पुजलेलं हाय ते, मॅडम. कुंकू लावलेलं."

कोणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. कारण निम्म्या वर्गाच्या घरी हेच झालं होतं. एकेक जण सांगू लागला, आमच्या आईनं नमस्कार केला, आमच्या आजीनं देवापुढे ठेवलं. करीमुद्दीन म्हणाला, आमच्या गावात पूजा नाही, पण उरलेलं बी पेरणाऱ्या बाईचंच, तिचा हक्क असतो तो. किमानीला हे सगळं मी इंग्रजीत करून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग ती बाई त्या बियाचं काय करते?

मामा, आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. श्रावण खाली बघत म्हणाला, "खाते."

तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं. मी वर्ग तसाच सोडून तारघराकडे पळाले. दुसऱ्या दिवशी पोरांनी आपापल्या गावी पत्रं टाकली, तीही मराठीत, उर्दूत, ज्याला जे येतं त्यात. श्रावण तर पत्र वाचायला घरी कोणी नाही म्हणून स्वतःच गेला.

लोणच्याच्या बरण्या उचलून तो कागद मी काढून घेतला. तेलाचे डाग पडलेत, पण वाचता येतो. तुम्ही चार ओळी वाचल्यात ना? सातव्या ओळीत लिहिलं आहे, हे बी माणसानं किंवा जनावरानं खाल्ल्यास जिवाला धोका. मी तो तुमच्या टेबलावर ठेवून आले.

पार्बताबाई मला दवाखान्यात एकच विचारत होती, माह्या हातून काय चुकलं, सिंधू? मी उत्तर दिलं नाही, कारण ते माझं द्यायचं नव्हतं. तिनं कागद तुमच्या हातात दिला होता. तुम्ही जाऊन तिला सांगा. मी वाट बघते आहे.

सिंधू

---

अमरावती, २९ ऑगस्ट १९६५

चि. सिंधू, आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, घरात लिहिणारा माणूस होता म्हणून. आता तो लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र आलं ते यांनी वाचलं आणि घडी घालून त्या कागदाशेजारी ठेवलं. तेव्हापासून टेबलाशी बसून असतात. वाचत नाहीत, लिहीत नाहीत. मी रोज म्हणते, जाऊन या तिच्याकडे. रोज म्हणतात, जातो. जन्मभर लोकांना शिकवलेल्या माणसाला चार शब्द जुळवता येत नाहीत, हे काय?

आणि परवा पोळ्याच्या दिवशी जे झालं, ते मी कोणाला सांगावं? तुलाच सांगते.

दुपारी बैल सजवणं चाललं होतं, इतक्यात पार्बताबाई आली. नांदगाव पेठेहून एवढ्या लांब, तीही लीलाबाईंचा नोकर नत्थुजी याच्या खांद्याला धरून. तो तिकडचाच, सणाला कामावर येत होता, त्याच्यासोबत निघाली. उंबऱ्याला अडखळून पडलीच. मी उचलून बसवली. हातात नारळ होता, कुंकू लावलेला. बोटांना कळत नाही म्हणून दोन्ही हातांनी उराशी धरला होता. यांच्यासमोर तो ठेवला आणि डोकं टेकलं.

म्हणाली, "पुजलेलं बी मी चुलीवर चढवलं, मास्तर. देवाचं होतं ते, मी पोटासाठी खाल्लं. म्हून माह्ये डोये गेले. तुमच्या वावरातलं देणं होतं, तुमी माफी द्या, म्हंजे देव देईन."

सिंधू, मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी हे सांगतील. हे उठले. नारळ उचलला. म्हणाले, बरं. आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

बरं म्हणाले! ती समाधानानं पुरणपोळी खाऊन गेली. जाताना मला म्हणते, मास्तर देवमाणूस हाय, काहीच बोलले नाही.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, यांचा राग आला, कंटाळा आला, पण लाज कधी वाटली नव्हती. ती परवा वाटली. मी सांगितलं असतं गं तिला. पण मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. ती म्हणेल, बाईले काय कळते, मास्तर तर काही बोलले नाही. ती यांचंच खरं मानणार. आणि कुंकवाचं ताट घेऊन मागे फिरले ती मीच ना? कागद बरण्यांखाली घातला तो मीच. मलाही रात्रंदिवस तेच डाचतं.

नारळ देव्हाऱ्यात तसाच आहे. हे त्याच्याकडे बघत नाहीत आणि मला हातही लावू देत नाहीत. तू काहीतरी कर.

तुझी
गोदावरीमामी

---

अकोला, ३१ ऑगस्ट १९६५

मामा,

मामीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका.

मी लहान असताना तुम्ही मला एक सवय लावलीत. पान कितीही कंटाळवाणं असो, शेवटपर्यंत वाचायचं, मगच नावं ठेवायची. मी तेवढ्यावर इथे उभी आहे. माझ्या वर्गातला श्रावण रात्रीच्या मुक्कामाची सोय नसताना सगळे पाडे फिरून आला. पदरातलं बी सांडून टाकलं म्हणून बायकांनी त्याला शिव्या घातल्या आणि तरी तो घरोघर सांगत राहिला. त्याला धड इंग्रजी येत नाही. तुम्हाला येतं.

तो नारळ फोडू नका, माझी वाटही बघू नका. त्या बाईला वाटतं आहे की देवानं तिला शिक्षा केली. ती मरेपर्यंत तसंच समजत राहिली, तर त्या सातव्या ओळीतल्या विषापेक्षा हे विष जास्त वाईट आहे.

सिंधू

---

अमरावती, ८ सप्टेंबर १९६५

चि. सिंधूस,

काल जाऊन आलो.

गावात सगळे लढाईच्या बातम्यांसाठी रेडिओपाशी होते, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही. पार्बताबाई दारात बसली होती. समोर सुपात ज्वारी होती, निवडत नव्हती, नुसता हात ठेवून बसली होती. मी अगदी समोर जाऊन उभा राहीपर्यंत तिला दिसलो नाही. मग उठायला लागली. मी म्हटलं, बस.

कागद घेऊन गेलो होतो. वाटेत मनाशी कितीतरी वाक्यं जुळवली. एकही कामाला आलं नाही. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचला, एकेक ओळ इंग्रजीत आणि लगेच तिच्या बोलीत. सातवी ओळ वाचली. पुन्हा वाचली. आयुष्यभर मुलांना उत्तम उतारे वाचून दाखवले, सिंधू. इतकं अवघड वाचन मी कधी केलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रडेल, कपाळ बडवून घेईल. ती माझ्याकडे त्या नळीएवढ्या नजरेनं बघत राहिली. मग विचारलं, "मंग देवाचा कोप नाही हा?"

मी म्हटलं, नाही.

"हे सारं त्या कागदावर लिवलं होतं? मी उचलून तुमच्या हाती देल्ला, त्याच?"

मी म्हटलं, हो.

"अन् तुमाले वाचता येते."

हा प्रश्न नव्हता. मी तरी हो म्हणालो. पुढचा प्रश्न येईल म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो, काहून नाही सांगितलं, असा. तो तिनं विचारलाच नाही. विचारला असता तर मी काय सांगणार होतो? भाषा मला आवडली नाही म्हणून? मला भीती वाटत होती ती रागाची, शिव्याशापांची. तिनं त्यातलं काही केलं नाही.

तिच्या औषधाचं, खाण्यापिण्याचं, जन्मभराचं मी बघीन, असं मी म्हणालो. तिनं ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. सुपातले दाणे चाचपत राहिली. मग म्हणाली,

"माहा नारळ आणून द्या, मास्तर."

मी घरी आलो. मामी देव्हाऱ्यासमोरून बाजूला झाली. नारळ घेऊन तशाच पावली परत गेलो. तिनं दोन्ही हात पुढे केले, पण ते नारळाच्या बाजूनंच गेले. मला तो तिच्या तळहातांवर ठेवून, तिची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवावी लागली.

वामन